एफडी मोडू नका, गोळ्याही थांबवू नका

शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत नोकरी करणाऱ्या एका वाचकाचं पत्र आहे. पत्नीला तिच्या आईनं किडनी दिली, त्याला तीन महिने झाले. सीएमव्ही विषाणूपासून बचावासाठी व्हॅलगॅन्सिक्लोव्हिरच्या गोळ्या अजून तीन महिने घ्यायच्या आहेत, महिन्याला 14,000 रुपये. रिपोर्ट चांगले येतायत, तर गोळ्या बंद करून लेकीच्या इंजिनिअरिंगसाठी ठेवलेली 3 लाखांची एफडी वाचवावी का, असा प्रश्न. पत्नी म्हणते, गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, पाटल्या मोडू. शेवटी एक ओळ: ‘गेल्या सोमवारपासून ती दोनऐवजी एकच गोळी घेते.’

दादा, ही ओळ वाचून मी हिशेबाचा कागद बाजूला ठेवला. आधी डॉक्टरांना फोन करून हे सांगा. तुम्ही जोडलेल्या रिपोर्टप्रमाणे सासूबाईंना हा विषाणू पूर्वी होऊन गेलाय, वहिनींना नाही. अशा जोडीत धोका सगळ्यात जास्त, म्हणून कोर्स सहा महिन्यांचा. आजचे रिपोर्ट चांगले आहेत त्यात गोळ्यांचा मोठा वाटा आहे. अर्धवट डोसनं विषाणू औषधाला दाद देईनासा होऊ शकतो. मग शिरेतून फॉस्कारनेट हे दुसरं औषध द्यायची वेळ येऊ शकते, आणि ते किडनीलाच जड जातं. पांढऱ्या पेशी घटल्या की डोस बदलतात, पण रक्ताचा रिपोर्ट बघून, डॉक्टर.

आता पैसे. तीन महिन्यांचे 42,000. तेवढ्यासाठी अख्खी एफडी मोडून व्याज का घालवायचं? तिच्यावर ओव्हरड्राफ्ट घ्या, म्हणजे एफडी तारण ठेवून लागेल तेवढी उचल. बँका साधारण एफडीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त लावतात. 9 टक्के दर धरला आणि सगळी रक्कम सहा महिने वापरली, तरी व्याज 1,890 रुपये. दर महिन्याला लागतील तेवढेच उचललेत तर आणखी कमी. पगारातून महिना 7,000 भरत गेलात तर सहा हप्त्यांत मुद्दल फिटेल.

कंपनीचा मेडिक्लेम असेल तर डिस्चार्जनंतरच्या औषधांचं कलम आजच वाचा. बऱ्याच पॉलिसींत 60 किंवा 90 दिवसांचा खर्च मिळतो, म्हणजे आधीची बिलं कामी येतील. दावा करायची मुदत मात्र टळू देऊ नका. स्वस्त जेनेरिक चालेल का, तेही त्याच फोनवर विचारा.

आणि वहिनींना सांगा, पाटल्या हातातच राहू देत.