जंपर लावूनही गाडी नुसती टकटक करतेय, काय करू?

कोथरूडच्या पार्किंगमध्ये १५ दिवस उभी गाडी, शेजाऱ्यांच्या गाडीवरून जंपर (दोन बॅटऱ्या जोडायची केबल) लावला तरी स्टार्टर नुसता टकटक करतोय, असं तुम्ही लिहिलंय. बॅटरीला शिव्या घालण्याआधी टर्मिनल (बॅटरीवर वायर आवळलेली असते तो जोड) हाताने हलवून बघा. जरा जरी फिरलं, तर दोष बहुधा तिथेच. सिंहगड रोडला भर पावसात मी असाच अडकलो होतो. नवी बॅटरी घ्यायला निघालो होतो, आणि १० नंबरच्या पान्याने नट आवळल्यावर गाडी पहिल्या चावीला सुरू!

टर्मिनलवर हिरवट-पांढरा थर असेल तर काढा. आधी निगेटिव्ह सोडवा, मग पॉझिटिव्ह. गरम पाण्यात खायचा सोडा, जुना टूथब्रश. पुसून कोरडं करून बसवताना निगेटिव्ह शेवटी.

आता जंपर पुन्हा, दोन्ही गाड्या बंद ठेवून. लाल चिमटा आधी तुमच्या प्लसला, मग शेजाऱ्यांच्या प्लसला. काळा त्यांच्या मायनसला, आणि दुसरा काळा तुमच्या इंजिनच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. शेवटच्या जोडणीला ठिणगी पडते आणि बॅटरीतून हायड्रोजन निघतो, म्हणून. बॅटरी फुगलेली किंवा गळकी असेल तर हातच लावू नका. त्यांची गाडी पाचेक मिनिटं चालू ठेवून मग तुमची चावी फिरवा.

सुरू झाल्यावर बॅटरीला मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचं यंत्र) लावा. १३.८ ते १४.४ व्होल्टच्या आसपास दिसलं तर अल्टरनेटर (गाडी चालू असताना बॅटरी चार्ज करणारा भाग) ठीक. १२.५ वरच अडकलं तर बॅटरीवाल्याकडे नाही, इलेक्ट्रिशियनकडे जा.