बोटी बंद, तरी वास येतोच

जुलैतली दुपार. मुंबईतल्या एका सरकारी दवाखान्यात माझ्यासमोर बसलेल्या ताई मासळी विकणाऱ्या. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) पदराचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत त्या दहा मिनिटं नुसत्या कंबरदुखीबद्दल बोलल्या. बायका खरं दुखणं शेवटी सांगतात. मी दार लोटून घेतलं आणि वाट पाहिली.

"मॅडम, अंगावरून पातळ पांढरं जातंय. मासळीसारखा वास येतो. मला वाटायचं, धंद्याचाच वास. पण १ जूनपासून बोटी बंद, टोपली कोरडी, तरी वास येतोच."

सहा महिने त्यांनी हे अंगावर काढलं होतं. उष्णता वाढली म्हणून सब्जा घेतला, मेडिकलमधून खाजेचं मलम आणलं. शिवाय दिवसातून तीनदा जंतुनाशक घातलेल्या पाण्याने आतपर्यंत धुणं. ते ऐकून मला फार वाईट वाटलं, कारण या धुण्यानेच दुखणं चिघळतं.

मग खरी काळजी बाहेर आली. "नवरा आठ-आठ दिवस समुद्रावर असतो. त्याने बाहेरून काही आणलं का?"

मी म्हटलं, ताई, या दुखण्यावरून तसं म्हणता येत नाही. योनीत दह्यातल्या जंतूंच्या कुळातले लॅक्टोबॅसिलस असतात. ते आतली आम्लता टिकवतात. ते कमी झाले की आधीपासून थोडेफार असलेले गार्डनेरेलासारखे जंतू बेसुमार वाढतात. डॉक्टर याला बॅक्टेरियल व्हजायनोसिस म्हणतात. शरीरसंबंधांशी त्याचा संबंध आहे, संबंधानंतर आणि पाळीनंतर वास वाढतो. पण नवऱ्याच्या वागण्याचा तो पुरावा नाही. आणि वास तुम्ही अचूक ओळखलात: शिळ्या मासळीत तयार होणारं ट्रायमिथाइलअमाइन इथेही तयार होतं.

हे ऐकून त्यांच्या हातातला पदर सुटला. "म्हणजे मी घाणेरडी नाही?"

नाही, ताई. जराही नाही.

डॉक्टरांनी तपासलं, स्रावाची आम्लता कागदाच्या पट्टीवर पाहिली, काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. पेशींच्या कडांना जंतू चिकटलेले होते. खाजेच्या मलमाचा उपयोग का झाला नाही, तेही कळलं. ते बुरशीवरचं औषध; बुरशी असली तर खाज फार सुटते आणि स्राव दह्याच्या गाठींसारखा जातो. यांना मेट्रोनिडाझोल दिलं, ५०० मिलिग्रॅम, दोन वेळा, सात दिवस. तोंडाला धातूसारखी चव येते, मळमळतं, म्हणून जेवणानंतर घ्यायला सांगितलं. वास दोन-तीन दिवसांत कमी झाला तरी गोळ्या अर्ध्यावर सोडायच्या नाहीत, हे मी त्यांच्याकडून दोनदा वदवून घेतलं.

नारळी पौर्णिमेनंतर आल्या त्या हसतच. दिवाळीनंतर मात्र पुन्हा तोच वास. हे दुखणं उलटतं, वर्षभरात निम्म्याहून जास्त जणींना ते पुन्हा होतं. त्यात बाईची चूक नसते. नवऱ्यालाही औषध लागेल का, असं त्यांनी विचारलं. पूर्वी आम्ही नाही म्हणायचो. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासात जोडीदारालाही गोळ्या आणि लावायचं मलम दिल्यावर दुखणं उलटण्याचं प्रमाण घटलं. म्हणून मी दोघांना मिळून डॉक्टरांकडे पाठवलं. नवरा आला, मान खाली घालून का होईना, पण आला. दिवस गेलेले असतील, ताप असेल किंवा ओटीपोटात दुखत असेल, तर मात्र एक दिवसही थांबू नये. गरोदरपणात हे दुखणं असलं तर वेळेआधी प्रसूतीचा धोका वाढतो.

शेवटच्या भेटीत त्यांनी लेकीला आणलं. वय एकोणीस. आईचं बघून तीही त्याच बाटलीतलं पाणी वापरायला लागली होती. मी तिला सांगितलं, बाहेरून साधं पाणी पुरे, आत काहीही घालायचं नाही. ती आईकडे बघायला लागली.

"बाटली मी मोरी धुवायला ठेवलीय," ताई म्हणाल्या.