बायोइन्फर्मॅटिक्ससाठी जर्मनीला यायचंय? मग सुरुवात नागपुरातच कर

तुझे प्रश्न थोडक्यात असे: एम.एससी. बायोटेक झालंय, नागपुरातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये एचपीएलसी (रक्तातले हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी तपासणी) आणि पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवणारी पद्धत) करतेयस, आता जर्मनीत बायोइन्फर्मॅटिक्सचं (संगणकाने जैविक माहितीचं विश्लेषण) दुसरं एम.एससी. करावं का? त्याआधी तो महागडा ऑनलाइन कोर्स लावावा का? आणि एआय हे सगळं गिळणारच असेल, तर या भानगडीत पडावं तरी कशाला?

ये. पण कोरी पाटी घेऊन येऊ नकोस.

यातली मेख आपल्याकडचे सल्लागार सांगत नाहीत. इथे जर्मनीत बायोइन्फर्मॅटिक्स हा बहुतेक ठिकाणी संगणकशास्त्राचा विषय आहे. अर्ज उघडला की टक्केवारीच्या आधी पाहतात ते गणिताचे क्रेडिट किती, अल्गोरिदमचे किती, प्रोग्रॅमिंगचे किती. आपल्या बायोटेकमध्ये बायोस्टॅटिस्टिक्सचा एखादा पेपर असतो आणि ‘कॉम्प्युटर अ‍ॅप्लिकेशन्स’ नावाखाली वर्ड-एक्सेल. त्यामुळे उत्तम गुण असलेल्या मुलांनाही नकार येतो आणि ती बिचारी एसओपी (अर्जासोबतचं उद्देशपत्र) पुन्हा लिहीत बसतात. एसओपीचा काही दोष नसतो. ऑनलाइन प्रमाणपत्रं क्रेडिट म्हणून धरतीलच असं नाही. म्हणून तुला माझा सल्ला असा की अर्ज मॉलिक्युलर मेडिसिन, मॉलिक्युलर बायोलॉजी अशा, तुझ्या पदवीला चालणाऱ्या अभ्यासक्रमांना कर, आणि प्रबंध संगणकी काम करणाऱ्या गटात कर. दोन वर्षांनी पदवीवर काय छापलंय याला फार कोणी विचारत नाही, प्रबंधात काय केलं ते विचारतात. बायोइन्फर्मॅटिक्सच्या एक-दोन ठिकाणीही अर्ज टाक, पण त्यावर भिस्त ठेवू नकोस.

आता शिकायचं काय. लिनक्सची कमांड लाइन, पायथन आणि आर या प्रोग्रॅमिंग भाषा, कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं गिट आणि संख्याशास्त्र. ही यादी तुला कुठेही मिळेल. खरी अडचण अशी की यादी घेऊन बसलं की कंटाळा येतो. तुझ्या हातात मात्र एक आयता विषय आहे. तू रोज सिकलसेलचे नमुने पाहतेस, एचपीएलसीच्या आलेखातला एचबीएसचा (सिकलसेलच्या हिमोग्लोबिनचा) पीक, म्हणजे सुळका, तुला झोपेतही ओळखू येईल. तो पीक ज्या बदलामुळे येतो तो जीनोमच्या, म्हणजे संपूर्ण डीएनएच्या, फाइलमध्ये स्वतः शोधून काढ.

11 व्या गुणसूत्रावर हिमोग्लोबिनच्या एचबीबी जनुकात एका अक्षराचा फरक, ए च्या जागी टी. ऐकायला सोपं आहे. शोधायला बसलीस की कळेल. जीआरसीएच37 या जुन्या संदर्भ-जीनोमवर (ज्याच्याशी बाकीचे जीनोम ताडून पाहतात) ही जागा 52,48,232 आहे आणि जीआरसीएच38 वर 52,27,002. दोन फाइली वेगवेगळ्या आवृत्तीच्या असल्या तर बदल सापडणारच नाही, आणि संगणक एका शब्दाने तक्रार करणार नाही. बरं, सापडला तरी फाइलमध्ये टी चा ए झालेला दिसेल, कारण हे जनुक डीएनएच्या दोन धाग्यांपैकी उलट्या धाग्यावर आहे. जुन्या पुस्तकांत, या बदलामुळे जाणाऱ्या ग्लुटामिक आम्लाची प्रथिनातली जागा 6 वी असते, आताच्या नामपद्धतीत 7 वी, कारण सुरुवातीचं मेथिओनिन हे अमिनो आम्लही मोजतात. एका आजाराच्या एका बदलात एवढ्या गोष्टी. त्या स्वतः करून समजून घेतल्यास तर मुलाखतीत तुला जे बोलता येईल ते कोर्सच्या प्रमाणपत्राने येत नाही.

आणि याच आजाराचा धागा धरून जनुकशास्त्रात अलीकडे काय झालं तेही समजतं. 2023 च्या नोव्हेंबरमध्ये ब्रिटनने आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेने सिकलसेलवरच्या कॅसजेवी या उपचाराला परवानगी दिली. क्रिस्पर या डीएनए कापणाऱ्या ‘कात्री’वर आधारलेला हा पहिला मान्यताप्राप्त उपचार. गंमत म्हणजे तो बिघडलेलं एचबीबी दुरुस्त करतच नाही. रुग्णाच्याच रक्ताच्या मूळपेशी बाहेर काढून त्यांच्यातल्या बीसीएल11ए या जनुकाचं एक बटण तोडतात, मग या जनुकाने जन्मानंतर बंद पाडलेलं गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन पुन्हा बनू लागतं. बीसीएल11ए कडे लक्ष कसं गेलं? 2007-08 च्या सुमाराला लोकांचे डीएनए आणि त्यांच्या रक्तातलं गर्भ-हिमोग्लोबिन यांचा संख्याशास्त्रीय मेळ घालून. म्हणजे आकडेमोड आधी, कात्री नंतर. आपल्याकडच्या अनेक रुग्णांत अरब-भारतीय हॅप्लोटाइपमुळे (एकत्र वारशाने येणाऱ्या जनुकीय फरकांच्या संचामुळे) हे हिमोग्लोबिन मुळातच जास्त असतं. तरीही विदर्भात काहींना आजार सौम्य जातो आणि काही वारंवार दवाखान्यात भरती होतात. तू हे डोळ्यांनी पाहिलं आहेस, इथल्या वर्गमित्रांनी फक्त वाचलेलं असेल. (अमेरिकेत या उपचाराची किंमत 22 लाख डॉलर आहे. गडचिरोलीच्या रुग्णाला त्याचा आज काय उपयोग, हा प्रश्न तुला कोणी विचारला तर टाळू नकोस. तो रास्त आहे.)

पुढचा अभ्यास जरा मोठा घे. अमेरिकेच्या एनआयएसटी या प्रमाणसंस्थेने काही व्यक्तींचे जीनोम पुन्हा पुन्हा तपासून त्यांची ‘उत्तरपत्रिका’ खुली ठेवली आहे. त्यातला एचजी002 नावाचा जीनोम घे, पण फक्त 20 वं गुणसूत्र. साध्या 16 जीबीच्या लॅपटॉपवर ते झेपतं. फास्टक्यू, म्हणजे यंत्राने वाचलेल्या डीएनएच्या कच्च्या फाइलपासून सुरू कर, बीडब्ल्यूए-मेम या प्रोग्रॅमने संदर्भ-जीनोमशी जुळवणी, डीपव्हेरियंट किंवा जीएटीके या प्रोग्रॅमने फरक शोध, आणि हॅप.पाय या साधनाने उत्तरपत्रिकेशी ताडून बघ. मग कुठे चुकलं त्याची कारणं लिही. पुनरावृत्तीचे भाग, एकाच अक्षराच्या लांब माळा, छोट्या जोड-तोडी इथे चुका दाटलेल्या दिसतील. हे सगळे टप्पे नेक्स्टफ्लोमध्ये, म्हणजे ते ओळीने आपोआप चालवणाऱ्या साधनात, एका पाइपलाइनमध्ये बांधून गिटहब या कोड ठेवायच्या संकेतस्थळावर टाक. नेक्स्टफ्लोच का? कारण एनएफ-कोअर नावाचा तयार पाइपलाइनींचा खुला संग्रह त्यावरच चालतो, आणि त्याच्या उभारणीत मी राहतो त्या ट्युबिंगनच्या क्वीबिक या केंद्राचाही हात आहे. नीट चालणारी एक पाइपलाइन दाखवलीस तर इथले गट तुझा मेल वाचतील.

लॅपटॉप अगदीच जुना असेल तर फ्रायबुर्गहून चालणारा युरोपचा गॅलक्सी सर्व्हर ब्राउझरमधूनच फुकट वापरता येतो, त्याचे धडेही फुकट आहेत. तेव्हा तो महागडा कोर्स लावू नकोस. ते पैसे पुढे व्हिसाच्या ठेवीसाठी लागतील, त्याचा हिशोब खाली आहे.

एआयबद्दल. अल्फामिसेन्स या एआय-प्रणालीने 2023 मध्ये प्रथिनातलं एक अमिनो आम्ल बदलणारे 7.1 कोटी संभाव्य बदल तपासून त्यातल्या 89 टक्क्यांवर ‘बहुधा निरुपद्रवी’ किंवा ‘बहुधा रोगकारक’ असा शिक्का मारला. 2025 मध्ये आलेलं अल्फाजीनोम एका वेळी 10 लाख अक्षरं वाचून जनुकाच्या बटणांबद्दल अंदाज करतं. स्क्रिप्टही आता एआय लिहून देतं, मी रोज लिहून घेतो. त्यामुळे नुसतं ‘पाइपलाइन चालवणं’ एवढंच येणाऱ्याचं अवघड आहे, यात शंका नाही. पण दोन नमुन्यांची अदलाबदल झालीय, एका दिवसाची बॅच वेगळी वागतेय, संदर्भ-जीनोमची आवृत्ती मिसळलीय, हे पकडायला लॅबमध्ये हात काळे केलेला माणूस लागतो. एक्सेल तर सेप्ट1 आणि मार्च1 या जनुकांच्या तारखा करून टाकायचं. शेवटी 2020 मध्ये जनुकांचीच नावं बदलावी लागली, एक्सेलने ते बंद करायची सोय दिली ती 2023 मध्ये!

इथल्या रुग्णालयांतही काम वाढतंय. दुर्मिळ आजार आणि कर्करोगाच्या रुग्णांसाठी संपूर्ण जीनोम वाचण्याचा राष्ट्रीय प्रकल्प 2024 पासून सुरू आहे. पण तिथले अहवाल जर्मनमध्ये लिहितात, बैठका जर्मनमध्ये होतात. संशोधन संस्थेत इंग्रजीवर निभतं, रुग्णालयात नाही. तुझी लॅबची पार्श्वभूमी पाहता रुग्णालय हीच तुझी जागा आहे असं मला वाटतं, म्हणून नागपुरातच जर्मनच्या बी1 पातळीपर्यंत ये. आल्यावर शिकू म्हणणारे शिकत नाहीत, मी पुष्कळ पाहिलेत.

पैशांचं. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही, पण ट्युबिंगन, हायडेलबर्ग, फ्रायबुर्ग ज्या राज्यात आहेत त्या बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये युरोपीय संघाबाहेरच्या आपल्यासारख्यांना सत्राला 1,500 युरो पडतात. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (दरमहा ठरावीकच रक्कम काढता येणाऱ्या खात्यात) वर्षाचे 11,904 युरो दाखवावे लागतात. रक्कम बदलत असते, दूतावासाच्या पानावर ताडून घे. शिकताना वर्षाला 140 पूर्ण दिवस काम करता येतं आणि विद्यापीठातली विद्यार्थी-सहाय्यकाची नोकरी, म्हणजे हीवी, त्यात धरत नाहीत. हीवीच शोध, कॅफेत कपबशा उचलण्यापेक्षा तीच पुढे प्रबंधाला उपयोगी पडते. पदवीनंतर नोकरी शोधायला 18 महिने मिळतात. पीएच.डी. करायची झाली तर ती बहुतेकदा पगारी नोकरीच असते.

ट्युबिंगन गाव देखणं आहे. इथल्या किल्ल्याच्या जुन्या स्वयंपाकघरात 1869 साली फ्रीड्रिश मीशरने दवाखान्यातल्या पू लागलेल्या पट्ट्यांतून ‘न्यूक्लिन’ वेगळं केलं, आपण त्याला आज डीएनए म्हणतो. ती खोली बघायला मिळते. राहायला खोली मिळत नाही. प्रवेशपत्र आलं त्याच दिवशी वसतिगृहाच्या यादीत नाव घाल.

नागपुरात असेपर्यंत आणखी एक कर. चंद्रपूरला आयसीएमआरचं (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) हिमोग्लोबिन-विकारांचं केंद्र आहे, तिथे छोट्या प्रकल्पावर काम मिळतंय का ते विचार. आणि जीनोमइंडिया या राष्ट्रीय प्रकल्पाने 10,000 भारतीयांचे जीनोम वाचून ती माहिती फरीदाबादच्या केंद्रात ठेवली आहे. ती लगेच हातात पडणार नाही, अर्ज करावा लागतो, पण त्यांचं लेखन वाच. जीनोमच्या मोठ्या जागतिक संचांत आपली माणसं कमी आहेत, त्यामुळे आपल्याकडच्या रुग्णात सापडलेला बदल दुर्मिळ आहे की आपल्याकडे सर्रास आढळणारा, हे ठरवताना इथे रोज अडतं.

आता लगेच करायचं काम म्हणजे एपीएसचा, म्हणजे शैक्षणिक कागदपत्रं तपासून मिळणाऱ्या दाखल्याचा, अर्ज. 2022 पासून भारतीय विद्यार्थ्यांना तो सक्तीचा आहे आणि वेळ खातो. सोबत बी.एससी. आणि एम.एससी.चा पेपरवार अभ्यासक्रम विद्यापीठाकडून शिक्का मारून घे. आपल्या विद्यापीठाच्या खिडकीवर त्याला किती हेलपाटे पडतात ते मी तुला सांगायला नको. तो हाती आला की मला पाठव, कुठल्या अभ्यासक्रमात बसतेस ते आपण बसून बघू.