मिळालं म्हणून घ्यायचं नसतं

अगं बेटा,

तुझा मेसेज काल रात्री बॅच सुटल्यावर वाचला, जेवण झाल्यावर परत वाचला, आणि खरं सांगतो, डोकं फिरलं. तुझ्यावर नाही गं. त्या एका वाक्यावर. "काका, परीक्षेतून मुरारच्या शाळेत नंबर लागलाय, आता गेले नाही तर एवढी मेहनत वाया जाईल ना?" हे वाक्य तुझं नाहीच. आठवीतल्या पोरीला मैत्रीण सुटायची भीती असते, नवीन वर्गात डबा कुणाबरोबर खायचा याची असते, मेहनत वाया जायची भीती तिला कुणीतरी मोठ्याने आणून दिलेली असते. तुझ्याकडे चहा पिता पिता कुणीतरी हे टाकलंय आणि तू ते घेऊन बसलीयस. मला इंदूरच्या आत्याचा संशय आहे, पण जाऊ दे.

तर आधीच सांगून टाकतो, पुढचं वाचायचा कंटाळा आला तरी एवढं वाच. मिळालं म्हणून घ्यायचं नसतं. पंगतीत वाढपी जिलबी घेऊन समोर आला की पानावर हात आडवा धरता येतो आपल्याला. हवी असेल तर दोन घे, चार घे, पण तो वाढतोय म्हणून नको घेऊस.

तू हुशार आहेस, कुठेही चमकशील वगैरे मी लिहिणार नाहीये. ते लिहिणारे बरेच आहेत.

आता मामला काय आहे ते एकदा नीट बघू, कारण तुमच्या घरात अर्ध्या गोष्टी चुकीच्या धरून भांडण चाललंय असं दिसतंय. एकीकडे आपल्या ग्वाल्हेरातल्या मुरारची उत्कृष्ट क्रमांक एक शाळा, नववीसाठी भोपाळच्या मुक्त बोर्डाची परीक्षा होते आणि त्यातून निवडलेली पोरं तिथे जातात. दुसरीकडे तुझी आत्ताचीच शाळा, घरापासून चालत दहा मिनिटं, मध्य प्रदेश सरकारने जिला आधी सीएम राइज केलं आणि २०२५ पासून जिला सांदीपनि म्हणतात ती, जिथे परीक्षा-बिरीक्षा नाही, केजीपासून बारावीपर्यंत वस्तीतल्या पोरांना प्रवेश. दोन्ही सरकारी, दोन्हीकडे एमपी बोर्ड, दहावीचा पेपर दोघींना तोच. वहिनींना हे नीट सांग, कारण परवा फोनवर त्या म्हणत होत्या की उत्कृष्टचा पेपरच वेगळा असतो. नसतो.

आणि मेडिकलचं. २०२३ पासून आपल्याकडे एमबीबीएसला सरकारी शाळेतल्या मुलांसाठी पाच टक्के जागा आहेत, पण त्यासाठी साधारणपणे सहावी ते बारावी सरकारी शाळेत पाहिजे. तू सहावीपासून सरकारीतच आहेस, म्हणजे मुरारला गेलीस काय आणि इथेच राहिलीस काय, त्या पाच टक्क्यांत बसतेसच. घालवायचंच असेल तर ते मामा ज्या प्रायव्हेट शाळेची फी भरतो म्हणतायत ना, तिथे जाऊन घालवता येईल. तिसरा पर्याय माझ्या लेखी तिथेच संपला. आणि बायो घ्यायचं की कॉमर्स हे तुझं तुलाच अजून ठरलेलं नाहीये, मग मेडिकल आलं कुठून? आत्याकडूनच.

मी रिटायर झाल्यापासून संध्याकाळी जी बॅच घेतो त्यात दोन्ही प्रकारची पोरं येतात, परीक्षा देऊन घेणाऱ्या शाळांतली आणि गल्लीतल्या साध्या शाळांतली. मागे एकदा काचेची वडी आणि टाचण्या घेऊन अपवर्तन करायला बसवलं सगळ्यांना. निवडक शाळांतल्या तिघांनी टाचण्या टोचल्यासारखं केलं आणि वहीत लिहून मोकळे, ४५ला २८, म्हणजे प्रकाश ४५ अंशांनी आला की काचेत २८ अंशांनी जातो. बरोबर आहे, २८च्या आसपासच यायला पाहिजे, त्यांना ते पाठ होतं. एका साध्या शाळेतल्या मुलीने खरंच टाचण्या टोचल्या, डोळा टेबलाला लावून चारही टाचण्या एका रेषेत आणल्या, आणि तिचं आलं ३३. रडवेली होऊन माझ्याकडे आली, सर माझं असं का. बघितलं तर तिसरी टाचणी तिरकी गेली होती, वर एक जागा आणि कागदावर दुसरी. त्या दिवशी वर्गात प्रयोग एकीनेच केला होता.

थांब, खूश होऊ नको. तुला वाटेल काका आता म्हणणार राहा इथेच. पुढच्याच आठवड्यात त्याच तिघांनी एका गणितावरून अर्धा तास आपसात असं भांडण केलं, फळ्यावर चढून, एकमेकांच्या हातातला खडू ओढून, की मी खुर्चीत बसून नुसता बघत होतो, माझी गरजच नव्हती. आणि ती टाचणीवाली कोपऱ्यात गप्प, कारण तिच्या शाळेत तिला असं भांडायला कुणी मिळालेलंच नाही, तिला ती सवयच नाही. हे खरं आहे आणि हे महागात पडतं. निवडक शाळेची खरी कमाई काही असेल तर ती ही, शेजारच्या बाकावर भांडायला कुणीतरी असणं. बिल्डिंग नाही, नाव नाही, फलकावरची यादी तर नाहीच नाही.

पण त्याचीही दुसरी बाजू आहे. हर्बर्ट मार्श म्हणून एक मानसशास्त्रज्ञ आहेत, १९८०च्या दशकापासून ते हेच मांडतायत की सारख्याच कुवतीची दोन मुलं घेतली तर जे हुशारांच्या गर्दीत बसतं ते स्वतःला कमी समजायला लागतं. हे मी पुस्तकात वाचायच्या आधी पोरांच्या चेहऱ्यावर वाचलंय. समजलं का विचारलं की सगळ्या माना हलतात, कारण नाही म्हणणारा एकटा कोण पडणार. आणि २०१४ साली बॉस्टन आणि न्यूयॉर्कच्या अशाच परीक्षा घेणाऱ्या सरकारी हायस्कुलांचा एक अभ्यास आला, अँग्रिस्ट आणि पराग पाठक वगैरे लोकांचा. त्यांनी कट-ऑफच्या जरासं वर राहून आत गेलेली आणि जरासं खाली राहून बाहेर पडलेली मुलं घेतली, म्हणजे खरं तर एकसारखीच मुलं, आणि पुढच्या परीक्षांत बघितलं तर आत गेलेल्यांना मार्कांचा फायदा जवळजवळ दिसेना. आता ते अमेरिकेचं आहे, आणि ते काठावरच्या मुलांबद्दल आहे, पहिल्या नंबराच्या पोराबद्दल नाही, एवढं मी मास्तर असून तुला सांगितलं नाही तर काय उपयोग. पण बेटा, तुझं नाव त्या यादीत खालून मोजलं तर लवकर सापडतं. रागावू नको. तू काठावरची आहेस, म्हणून हे तुझ्या कामाचं आहे.

आणि कृपा करून गोरखीचं उदाहरण कुणी देऊ नका मला. अटलजी महाराज बाड्यावरच्या गोरखी शाळेत शिकले आणि पंतप्रधान झाले हे ग्वाल्हेरात रिक्षावाला पण सांगतो. त्याच वर्गात बाकीची पोरंही होती की, त्यांचं कुणी विचारत नाही. एका माणसावरून शाळा ठरत नाही, ना चांगली ना वाईट.

मिळालं म्हणून घ्यायचं नसतं हे मी कुठे शिकलो ते तुझ्या बाबांना माहितीये, तुला नसेल. बारावीनंतर मला बाहेरगावच्या एका मोठ्या नावाच्या इंजिनिअरिंग कॉलेजात सीट मिळाली होती. मला फिजिक्स हवं होतं. गेलो नाही, इथेच बीएस्सी केलं, एमएस्सी केलं, मास्तर झालो. त्यावर आमच्या घरात जे झालं ते झालं, पण खंत मला वेगळीच आहे, की सीट किती मोठी आहे हे मला पन्नास जणांनी सांगितलं आणि तुला काय शिकायचंय रे हे एकानेही विचारलं नाही. माझे बाबा शेवटपर्यंत पाहुण्यांना सांगायचे, याला सीट मिळाली होती. मी समोर बसलेलो असायचो, चाळीस-चाळीस पोरांना शिकवून आलेलो, आणि ओळख काय तर मिळालेली आणि सोडलेली सीट. आजही लग्नाकार्यात कुणीतरी उकरून काढतंच. माझ्याबरोबरचा एकजण गेला होता तिथे, पुण्यात राहतो आता, सोसायटीत स्विमिंग पूल आहे म्हणे. मला काही हेवा नाहीये. पुण्यात उन्हाळ्यात पाण्याचे टँकर येतात ना, मग पूल कसा भरता, एवढंच विचारलं मी त्याला, तर त्याला राग आला. मी जे केलं ते बरोबरच होतं आणि आज परत विचारलं तरी तेच करीन, माझे विद्यार्थी कुठे कुठे आहेत ते येऊन बघ म्हणावं...

असो. विषय तुझा आहे.

पण एक ध्यानात घे, सोडायचं म्हणून सोडणं पण तेवढंच वाईट. बारावीला शाळेत पहिला आला की सरकार स्कूटी देतं, आणि कुणीतरी तुला सांगितलंय की इथे राहिलीस तर पहिली येशील, तिकडे काय येणार. तुझ्या मेसेजमध्ये ते अगदी शेवटी, सहज लिहिल्यासारखं आलंय, पण मी वाचलं. स्कूटीसाठी चार वर्षांची शाळा ठरवतेस? तुला भांडायला शेजारी हवं असेल आणि ते इथे नसेल तर जा मुरारला, खुशाल जा, आणि शेवटून पाचवी ये, मला काही वाटणार नाही. तुला इथली ती लायब्ररीवाली मॅडम आणि तुझी मैत्रीण आणि दुपारचा मोकळा वेळ हवा असेल तर राहा, आणि आत्याला सांग काकांना फोन करा. दोन्ही चालेल. फक्त "नंबर लागला म्हणून" चालणार नाही, ते मी कुणाकडूनही ऐकून घेणार नाही.

आता काम सांगतो. बाबांच्या गाडीवर बसून, सुट्टीच्या दिवशी, बंद गेट बघून आलात ती शाळा बघणं नव्हतं. शाळा चालू असेल त्या दिवशी, सकाळी, बाड्यावरून टेम्पो पकड, पडाव, थाटीपूर, मुरार, घड्याळ लावून जा, आणि जाता जाता हेच जानेवारीत करायचंय हे डोक्यात ठेव, जेव्हा धुक्यात समोरचा टेम्पो दिसत नाही आणि तुला घरातून अंधारात निघावं लागेल. तिथे कुणा सरांना विचारू नको, सर चांगलंच सांगणार. दहावीतल्या दोन मुली गाठ. गणिताचे सर पक्के आहेत की अतिथी शिक्षक, वर्षात किती बदलले, लॅब खरंच उघडते का, वर्गात नाही समजलं तर कुणाला विचारता, आणि अकरावीत कॉमर्स मिळतं का, कारण तुला ते लागू शकतं. मग हेच सगळे प्रश्न आपल्या शाळेतल्या दहावीच्या मुलींना विचार. इथे आठ वर्षं काढलीस म्हणून सगळं माहितीये असं समजू नको, वरच्या वर्गात काय चालतं ते तुला माहीत नाहीये. आपल्याकडे म्हणे कॉम्प्युटर आणि इलेक्ट्रॉनिक्सचे व्यावसायिक विषय पण आहेत नववीपासून, ते नुसते कागदावर आहेत की कुणी शिकवतं, तेही बघ.

आणि मग मला एक ओळ लिहून पाठव. "मला अमुक शाळेत जायचंय कारण" असं सुरू होणारी. त्यात नंबर, सीट, वाया, लोक आणि स्कूटी हे शब्द आले तर मी परत पाठवीन, वही तपासतो तशी. ओळ सुचत नसेल तर फोन कर, पण आठनंतर, त्याआधी बॅच असते. आणि वहिनींना म्हणावं कागद जमा करायची शेवटची तारीख मला कळवा, दोन दिवस आधी ठरवू, शेवटच्या रात्री नाही.

काका