मुलकोवालची एक बाटली

'नाव सगळ्यांना ठाऊक, पण आयुष्य कुणालाच ठाऊक नाही, अशी जगाच्या इतिहासातली व्यक्ती सांगा', असं तुम्ही विचारलंय. माझं उत्तर: वाल्डेमार हाफकिन. परळच्या हाफकिन संस्थेवरून बस रोज जाते, पण पाटीवरचा माणूस कोण म्हटलं की 'असेल कुणी इंग्रज साहेब' असंच बऱ्याचदा ऐकायला मिळतं.

तो इंग्रज नव्हता. १८६० साली ओदेसात जन्मलेला ज्यू. रशियात ज्यू म्हणून वाट अडलेली, त्यामुळे तो पॅरिसला पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये गेला आणि तिथे सुरुवातीला ग्रंथालयात कामाला लागला. पटकीची (कॉलऱ्याची) लस त्याने शोधली ती तिथेच. १८ जुलै १८९२ रोजी ती आधी स्वतःलाच टोचून घेतली आणि पुढच्या वर्षी हिंदुस्थानात आला.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवीला डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. ऑक्टोबरात हाफकिन आला. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्याला एक खोली, व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई मिळाले. एवढ्यावर तीन महिन्यांत लस तयार! १० जानेवारी १८९७ ला पहिली सुई पुन्हा स्वतःच्याच अंगात. मग भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांपैकी जे स्वखुशीने पुढे आले त्यांना. खोजा मुस्लिमांचे धर्मगुरू तिसरे आगाखान यांनी लोकांसमक्ष लस घेतली, तेव्हा त्या समाजाची भीती मोडली. त्याच वर्षीचा पुण्यातला रँड आपल्याला पाठ आहे. हा माणूस मात्र आपल्या आठवणीतून निसटला, याची मला खरोखर खंत वाटते.

पण मला सांगायचंय ते पंजाबातल्या मुलकोवाल गावाबद्दल. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी तिथे १०७ जणांना लस टोचली. त्यातले १९ जण धनुर्वाताने गेले. हे एकोणीसही जण एकाच बाटलीतून लस घेतलेले, क्रमांक ५३-एन. चौकशी समितीने दोष हाफकिनच्या परळच्या प्रयोगशाळेवर ठेवला. हाफकिनने लशीत कार्बोलिक हे जंतुनाशक घालणं सोडून उष्णतेने निर्जंतुक करायची पद्धत घेतली होती, तीच त्याच्या अंगाशी आणली. (पॅरिसला हीच पद्धत वापरात होती.) त्याला कामावरून दूर केलं.

खरं काय झालं होतं? बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला आणि तो नीट न उकळता त्यानेच बूच काढलं गेलं. धनुर्वाताचे जंतू मातीतच असतात. शिवाय बाटली मुंबईहूनच दूषित आली असती तर उघडताक्षणी दुर्गंधी आली असती; ती आली नव्हती. सगळं कागदोपत्री होतं, तरी त्याला पाच वर्षं झगडावं लागलं. १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी लंडनच्या 'टाइम्स'मध्ये बाजू मांडली, तेव्हा कुठे तो निर्दोष ठरला.

परत बोलावलं, पण कलकत्त्याला. परळची प्रयोगशाळा, जी त्याने एका खोलीपासून उभी केली, ती त्याला पुन्हा मिळाली नाही. कलकत्त्यात लस बनवायची सोय नव्हती. तिथूनच तो निवृत्त झाला. लग्न केलं नव्हतं, उरलेली वर्षं युरोपात काढली.

परळच्या संस्थेला १९२५ साली त्याचं नाव दिलं, तेव्हा तो हयात होता. १९३० मध्ये स्वित्झर्लंडमध्ये लोझानला तो वारला.