‘उन्हाळ्यात सगळ्यांचेच फोन तापतात’ म्हणून परत पाठवलं असेल तर

मांजलपूरच्या ताई, फोन दहा महिन्यांचा, नुसता पर्समध्ये पडून असला तरी गरम, सकाळी १०० टक्के भरलेला जेवायच्या वेळेला तिशीवर, आणि सर्व्हिस सेंटरने ‘अपडेट मारून’ परत दिलेला. तुमचं हे वाचताना माझ्याच जुन्या फोनची कुंडली वाचतेय असं वाटलं. म्हणून जरा लांबलचक लिहिते.

ब्राइटनेस, लोकेशन, बॅकग्राउंडची ॲप्स हे तुम्ही केलंच असणार, त्यात शिरत नाही. तुमच्या हातात वॉरंटीचे दोनच महिने उरलेत आणि खरा प्रश्न जॉबशीटचा आहे, म्हणजे फोन जमा करताना सेंटर तक्रार लिहून देतं त्या कागदाचा.

मी पोस्टाच्या आरडीचं काम करते. बडोद्यात दांडिया बाजार, रावपुरा, कारेलीबाग, सगळं ॲक्टिव्हावर. मे महिन्यात बाहेर ४२ अंश, आणि फोनवर ‘तापमान जास्त आहे, चार्जिंग थांबवलं’ अशी सूचना. सर्व्हिस सेंटरला गेलं (नाव लिहीत नाही, उगाच वाद नको) की काउंटरवरचा मुलगा एसीत बसून फोन हातात घ्यायचा आणि म्हणायचा, ‘बेन, आ तो ठंडो ज छे.’ एसीत थंडच लागणार ना रे बाबा! मग आत नेऊन सॉफ्टवेअर टाकायचे आणि हसतमुखाने परत द्यायचे. कागदावर काय लिहायचे? ‘सॉफ्टवेअर अपडेट, ग्राहकाच्या विनंतीवरून.’ मी तोंडाने बॅटरी बॅटरी करत होते, पण कागदावर बॅटरीचा ‘ब’सुद्धा नाही. पुढे वॉरंटी संपली, बॅटरी फुगली, मागचं झाकण उचललं गेलं, तेव्हा त्याच काउंटरवर कंप्युटरमध्ये बघून सांगितलं की बॅटरीची तक्रार तुमच्या नावावर कधी आलेलीच नाही. पूर्ण पैसे घेतले. अजून त्या रस्त्याने गेले की डोकं फिरतं.

तर तुम्ही या आठवड्यातच जा आणि तक्रार तुमच्या शब्दांत लिहायला लावा: ‘न वापरताही फोन तापतो, बॅटरी अर्ध्या दिवसात संपते.’ वाचल्याशिवाय सही करू नका. ‘सिस्टीममध्ये तसा पर्याय नाही’ म्हणाले तर शेऱ्यात लिहा म्हणावं, शेऱ्याची जागा असते. परत घेतानाही कागद घ्याच, दुरुस्ती फुकट असली तरी.

जाण्याआधी रात्रभर फोन सेफ मोडमध्ये ठेवून बघा. त्यात आपण टाकलेली ॲप्स बंद राहतात. तरीही तापला तर ‘तुमच्याच ॲप्समुळे होतंय’ हे त्यांचं आवडतं वाक्य निकालात निघतं. बॅटरीच्या पानाचा आणि तापमानाच्या सूचनेचा स्क्रीनशॉट वेळेसकट काढून ठेवा.

एक शक्यता मात्र प्रामाणिकपणे तपासा. घरात सिग्नलची एकच दांडी असते का? टॉवर लांब पडला की फोन जास्त ताकद लावतो, ५जी-४जी अशी उडी मारत राहतो आणि गरम होतो. दोन दिवस फक्त ४जीवर ठेवा. फरक पडला तर दोष बॅटरीचा नसेलही. नवरात्रात गरब्याच्या मैदानावर फोनचा तवा होतो तो बराचसा यामुळेच, वर आपण व्हिडिओ काढत असतो. अर्थात मी इंजिनिअर नाही, अनुभवावरून बोलतेय.

खाली कुणीतरी फ्रिजमध्ये ठेवा म्हटलंय. कृपा करून नको, आत दव धरतं. कव्हर काढून पंख्याखाली ठेवा, पुरे. लिथियमची बॅटरी साधारण ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये, त्यामुळे उन्हातल्या गाडीच्या डिकीतून काढला की लगेच चार्जरला लावू नका. झाकण उचललेलं दिसलं तर चार्जिंग बंद, आणि ते दाबून बसवायला जाऊ नका.

मरीमाताच्या खांच्यात, आपल्या मोबाइलच्या बाजारात, बॅटरी स्वस्तात बदलून मिळते, हो. वॉरंटी संपल्यावर मीही तिथेच जाते. पण आत्ता फोन तिथे उघडलात तर कंपनी हात वर करायला मोकळी.

सेंटरने ऐकलंच नाही तर १९१५ वर फोन करा, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, पैसे लागत नाहीत. ते तक्रार कंपनीकडे पाठवतात, निकाल देत नाहीत, एवढं लक्षात ठेवा. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. ५ लाखांपर्यंतच्या वस्तूला तिथे शुल्क नाही. बिल आणि जॉबशीट दोन्हीकडे मागतात. कायद्याचं नीट जाणकाराला विचारा, मी वकील नाही.

आणि फोन देताना सिम काढून घ्या, बॅकअप घ्या, यूपीआयची ॲप्स काढून टाका. लॉकचा पॅटर्न जॉबशीटवर काढून मागतात, तो द्यायचा नाही. फोनमध्ये मेंटेनन्स किंवा रिपेअर मोड असेल तर तो चालू करून द्या, आपले फोटो-मेसेज त्यांना दिसत नाहीत. मॉडेल कुठलं ते लिहिलंत तर तो मोड कुठे सापडतो ते बघून सांगते.