आजोबांनी काकांना कुलमुखत्यारपत्र (आपल्या वतीनं व्यवहार करायचा लेखी अधिकार) दिलंय आणि काका खात्यातून पैसे काढतायत, ते रद्द करता येईल का?

येतं, आजोबांना कळतंय तोवरच करून घ्या. आम्ही उशीर केला.

माझी आत्या, चौथी शिकलेली, मूलबाळ नाही. थोरल्या चुलतभावानं, दादानं, पेन्शन आणायला सोपं पडेल म्हणून तिच्याकडून मुखत्यारपत्र करून घेतलं, आत मात्र जमीन विकण्यापासून ठेव मोडण्यापर्यंत सगळे अधिकार. आत्या पासबुक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून तांदळाच्या डब्यात ठेवायची. दिवाळीला गेलो तेव्हा एंट्री मारायला मी ते घेऊन गेलो तर मशीन थांबेचना, पान उलटलं, परत उलटलं, दर आठवड्याला दहा हजार, दहा हजार, साडेनऊ. आणि त्या दिवसांत आत्या मला विचारत होती, गाय आत बांधलीस का रे, गाय विकून बारा वर्षं झालेली.

मी हिशोब मागितला तर घरात मीच वाईट. दादा म्हणाला, रक्ताच्या माणसाकडं पावत्या मागतोस? हो, मागतो! 1872 च्या करार कायद्यात कलम 213 आहे, मालकानं, म्हणजे पत्र देणाऱ्यानं, मागितला की मुखत्यारानं, म्हणजे पत्र घेणाऱ्यानं, हिशोब द्यायचाच, त्यात भाच्याला सूट नाही. वर त्याचं म्हणणं, आत्याला आता कळत नाही म्हणून तर मी बघतो. अरे पण कलम 201 प्रमाणं देणाऱ्याची बुद्धी गेली की मुखत्यारपत्रच संपतं, मग कोर्टातून पालक नेमून घ्यावा लागतो. हे मी तेव्हाही ओरडून सांगत होतो, कुणी ऐकलं नाही.

तुमचं म्हणाल तर पत्र नोंदणीकृत असेल तर दुय्यम निबंधकाकडं रद्दलेख करा, काकांना रजिस्टरनं नोटीस, पण सगळ्यात आधी बँकेला आजोबांच्या सहीचं पत्र द्या आणि पोच शिक्का घ्या, कारण बँकेला कळेपर्यंत काकांची सही चालतच राहते. जमीन असेल तर तलाठ्याकडं पण अर्ज द्या आणि पेपरात जाहीर नोटीस. सहीच्या दिवशीचं डॉक्टरांचं सर्टिफिकेट जवळ असू दे, नाहीतर उद्या काकाच म्हणतील की म्हाताऱ्याला समजत नव्हतं.

मी वकील नाही, एकदा वकिलाला दाखवा. आणि काकांनी खरंच औषधपाण्याला खर्च केला असेल, तेही आधी विचारा. खर्च केलेला माणूस पावत्या दाखवतो. दादानं आत्या जाऊन तीन वर्षं झाली तरी एक दाखवलेली नाही.